पहिला रिमोट

प्रेमराजला डाग सहन होत नसे. हा त्याचा स्वभावही होता आणि नोकरीही. जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या पाइपांच्या एका कारखान्यात तो क्वालिटीला होता. लाइनवरून पाइप यायचे, हा टॉर्च मारून बघायचा, आणि कुठे काळा ठिपका, कुठे पिवळी रेघ दिसली की खडूने फुली मारून पाइप बाजूला टाकायचा. तो पाइप पुढे शेतात जमिनीखाली गाडला जाणार, तिथे त्याचा ठिपका गांडुळं बघणार. पण हे कारखान्याला कोण सांगणार? आणि प्रेमराजला तर सांगून उपयोगच नव्हता. त्याला फुली मारायला आवडायची.

घरी आला की हाच माणूस गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत बसून जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करायचा. आपल्या लहानपणी टीव्हीला जोडायचे ते. वर चौकोनी कॅसेट खोचायची, दोन वायरींचे दोन रिमोट, आणि पडद्यावर उड्या मारणारी माणसं. नव्वद सालाच्या आसपास गल्लीत एकाकडे असायचा आणि बाकीची पोरं त्याच्या दारात रांग लावायची. प्रेमराज रांगेतला होता. त्याची पाळी यायच्या आत त्या घरची बाई टीव्ही बंद करायची. आता पंचेचाळिशीत त्याने भंगारवाल्यांकडून, बंद पडलेल्या दुकानांच्या माळ्यांवरून असे कित्येक डबे गोळा केले होते. मेलेले कपॅसिटर काढायचे, नवे टाकायचे. अँटेनाच्या वायरीने चालणारा डबा नव्या टीव्हीवर दिसत नाही, म्हणून आतून चित्राची लाइन वेगळी काढून पिवळी-लाल पिन बसवायची. हात सोन्यासारखा होता, हे खरं. खोटं कशाला बोला.

पण एक गोष्ट त्याने कोणाला सांगितली नव्हती. दुरुस्त केलेला एकही खेळ तो शेवटपर्यंत खेळला नव्हता. चालू झाला, आवाज आला, चारही बटणं लागली की बंद. त्याला खेळ नको होता, डबा हवा होता. नवाकोरा डबा. मग त्याचे दोन फोटो: आधी आणि नंतर. पुण्या-बंगळूरच्या शौकिनांचा मोबाइलवर एक ग्रुप होता, तिथे ते टाकायचे आणि अंगठे मोजत बसायचं. पैसे तो कोणाकडून घेत नसे. त्यामुळे त्याचा असा समज झाला होता की आपल्याला कोणी काही विचारू नये. फुकट काम करणाऱ्यांचा हा माज मी फार पाहिलाय.

पाडवा होऊन थोडे दिवस झाले होते. दुपारी धुळ्याहून दोघं आले. एक अतिक, चाळिशीचा, धुळ्यात कूलर बनवायचा; त्याला ग्रुपवरूनच प्रेमराजचा पत्ता लागला होता. बरोबर साठी ओलांडलेली बाई. पदर डोक्यावर, हातात कापडाची पिशवी. पिशवी खाली ठेवायला सांगितली तरी तिने मांडीवरच ठेवली.

"ही कोकिळामावशी," अतिक म्हणाला. "माझा दोस्त भूषण, त्याची आई. भूषण गेला श्रावणात."

प्रेमराजने "अरेरे" केलं. कसा गेला ते विचारलं.

भूषण कंत्राटी वायरमन होता. कंत्राटी म्हणजे खांबावर चढेपर्यंत कंपनीचा आणि खाली पडल्यावर कोणाचाच नाही. कायम नोकरी नाही म्हणून अडतिसाव्या वर्षापर्यंत कोणी पोरगी दिली नव्हती. पावसात एका खेड्यात लाइन दुरुस्त करायला चढला, आणि कोणीतरी मागून लाइन चालू केली. कोणी केली, ते अजून ठरायचंय. ठरवणाऱ्यांचीच मान त्यात अडकलेली, तर ठरणार कसं? पुढारी आले, कोकिळाबाईच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून गेले. कंत्राटदार तर फोटोलाही आला नाही.

कोकिळाबाईने पिशवीतून डबा काढला. पिवळा पडलेला, कडेला तडा, एका रिमोटच्या वायरीला डॉक्टरची चिकटपट्टी. लोकांचे कपडे शिवून शिवून तिने तो भूषणला घेऊन दिला होता, तो दहा वर्षांचा असताना.

"भाऊ, हाई चालू व्हई का?"

"होईल ना. का नाही होणार?"

"आखाजीले त्यानी घागर भरसू," ती म्हणाली. "पहिली घागर शे. घागरम्होरे हाऊ खेळ चालू कराना शे."

खानदेशात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची घागर भरायची, वर खरबूज ठेवायचं, आंबे ठेवायचे, आणि त्याला जे आवडायचं ते त्याच्यापुढे मांडायचं. कोणापुढे विडी ठेवतात, कोणापुढे बर्फीचा तुकडा. कोकिळाबाईला खेळ ठेवायचा होता.

"चालू करी द्या, बस," ती उठता उठता म्हणाली. "बाकी कशालेच हात नका लावा."

"हो, हो," प्रेमराज म्हणाला. त्याला वाटलं, म्हाताऱ्या माणसांना खर्चाची भीती असते. का हात लावू नको, हे विचारायला एवढासा वेळ लागला असता. तेवढा त्याने घेतला नाही.

काम चोख झालं. आतला कपॅसिटर फुगून फुटलेला, त्याचं पाणी तांब्याच्या रेघांवर सांडलेलं. ते घासून काढलं, तुटलेल्या रेघेवर बारीक तार टाकली. कॅसेटच्या खाचेतले पत्रे ढिले पडले होते, ते सुईने एकेक उचलून बसवले. रिमोटमधल्या रबराखालचा काळा थर उडाला होता, तिथे पेन्सिलीचं शिसं घासलं. नव्या टीव्हीची पिन काढली. चौथ्या दिवशी पडद्यावर दोन माणसं उभी राहिली, एक निळ्या चड्डीतला, एक लाल चड्डीतला, हातात बंदुका. प्रेमराजने दोन्ही रिमोटची बटणं दाबून बघितली आणि बंद केलं.

बाईने सांगितलेलं काम तिथे संपलं होतं. तिथेच थांबला असता तर ही गोष्ट नसती.

पण डबा पिवळा होता. आणि वरच्या झाकणावर, कॅसेटच्या खाचेच्या शेजारी, एक लालसर डाग होता. करंगळीच्या नखाहून थोडा मोठा, लांबट, वरून चकचकीत. त्याने नखाने टोकरून बघितलं. नेलपॉलिश. कोणीतरी पोरीने सांडली असणार. पाइपावर असा डाग दिसला तर तो फुली मारायचा. इथे फुली मारून भागणार नव्हतं. थिनर लावला असता तर प्लॅस्टिकच वितळलं असतं, आणि हे त्याला बरोब्बर माहीत होतं. म्हणून जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने तो थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा उचलला. खाली लाल भुकटी प्लॅस्टिकमध्ये मुरली होती. ती कान कोरायच्या कापसाच्या काड्या स्पिरिटमध्ये बुडवून, दोन संध्याकाळ खपून, टिपून टिपून काढली. त्या भुकटीत बारीक गोल गोल रेघा होत्या. त्या त्याने पाहिल्यासुद्धा. ब्रशच्या असतील, असं वाटलं. काड्या लाल होत गेल्या, डाग गुलाबी होत गेला. प्लॅस्टिकला ओरखडा नाही. स्वतःच्याच हाताचं त्याला कौतुक वाटलं.

राहिलेला गुलाबीपणा आणि सगळा पिवळेपणा उन्हाने काढायचा. ही विद्या जगात सगळीकडे आहे, पण ऊन खानदेशाइतकं कोणाकडे आहे? बायकांच्या पार्लरमध्ये केसांना लावायचं पेरॉक्साइडचं क्रीम असतं, ते डब्याच्या झाकणांना ब्रशने थापायचं, वरून पातळ प्लॅस्टिक गुंडाळायचं, आणि गच्चीवर ठेवायचं. परदेशातली माणसं म्हणे यासाठी दिवे लावतात. जळगावात चैत्राच्या दुपारी गच्चीवर पाय ठेवला तर चटका बसून माणूस नाचतो.

शेजारच्या गच्चीवर धुरपदाबाई कुरडया वाळत घालत होत्या. त्या रोज विचारायच्या, "काय भाऊ, तुमच्या कुरडया अजून कच्च्याच?"

"उद्या पलटायच्यात, अक्का."

"तळल्या की आमच्याकडे पण द्या बरं चार. नाहीतर एकटेच खाल. रत्नाला पण देणार नाही तुम्ही."

जिन्यात उभी असलेली रत्ना, त्याची बायको, हसून म्हणाली, "मला कशाला? मी काय भंगारातली आहे का? भंगारातली असते तर रोज पुसली तरी असती यांनी."

तीन दिवसांत डबा दुधासारखा पांढरा झाला; कडेचा तडाही त्याने भरून घासून टाकला. डागाची जागा आता त्यालाही सापडेना. त्याने निळ्या चादरीवर ठेवून फोटो काढला, आधीच्या फोटोशेजारी लावला आणि ग्रुपवर टाकला. भराभर अंगठे आले. बंगळूरच्या एकाने लिहिलं, 'हा तर खोक्यातून आत्ताच काढलाय!' प्रेमराजने ते तीनदा वाचलं.

मग अतिकचा फोन आला.

"प्रेमराजभाऊ, फोटो पाहिला."

"कसा झालाय?"

मागे अतिकच्या दुकानात कूलरचा पत्रा ठोकल्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "भाऊ, आधीच्या फोटोत अंगठा आहे. पुढच्यात नाहीये."

"कसला अंगठा?"

"झाकणावरचा. लाल."

"तो? तो डाग होता, नेलपॉलिशचा. काढला मी. फार चिवट होता."

"या अल्ला," अतिक म्हणाला, आणि त्याने ठोकणाऱ्याला ओरडून गप्प केलं.

मग त्याने सांगितलं. दसऱ्याला कोकिळाबाई शिलाई मशीनची पूजा करायची. हळद, कुंकू, मशीनच्या चाकाला झेंडू. लहानपणी एका दसऱ्याला भूषण आपला डबा उचलून घेऊन आला आणि मशीनशेजारी ठेवून बसला. म्हणाला, हे पण मशीनच आहे, याला पण लाव. आई हसत सुटली, लावेना. मग त्याने स्वतःच अंगठा ओल्या कुंकवात बुडवला आणि झाकणावर दाबला. पुसलं जाऊ नये म्हणून वरून नेलपॉलिश लावायची आयडिया अतिकची.

"हुमाची बाटली चोरली मी. माझी बहीण. तिने मला चप्पलने मारलं होतं. भाऊ, तीस वर्षं झाली, तो अंगठा तसाच होता."

"मला काय माहीत?" प्रेमराज म्हणाला.

"मावशी बोलली नव्हती का, बाकी कशाला हात लावू नका?"

प्रेमराजने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्हाला अजून एक माहीत नाही," अतिक म्हणाला. "तो तारेला चिकटला ना, त्याचे हात राहिले नव्हते. दवाखान्यातून आणला तेव्हा कोपरापासून कपडा गुंडाळलेला. मावशी म्हणत होती, हात बघू द्या, हात बघू द्या. आम्ही सहा जणांनी तिला धरून ठेवलं. त्याच्या हाताचं तिच्याकडे तेवढंच होतं."

प्रेमराज पत्र्याच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"तिला सांगितलंस तू?"

"मी नाही सांगणार. तुम्ही पुसलाय, तुमच्या तोंडाने सांगा."

फोन ठेवून प्रेमराज जिन्याकडे धावला. कचऱ्याचा डबा पालथा केला. कांद्याची सालं, दुधाच्या पिशव्या. लाल काड्या नव्हत्या. घंटागाडी कालच येऊन गेली होती. ग्रुपवर अजून अंगठे पडतच होते.

मग या माणसाने काय केलं, ते ऐका. त्याने सत्य सांगायचा विचार केला नाही. त्याने दुरुस्तीचा विचार केला. ज्याला सगळं दुरुस्त करता येतं, त्याला असंच सुचतं. त्याच्याकडे आधीचा फोटो होता, मोठा करून बघता येत होता. अंगठा लहान पोराचा. त्याने भंगारातल्या दुसऱ्या झाकणावर आपली करंगळी टेकवून पाहिली. आकार बरोबर बसत होता. रेघा कोण मोजणार? कुंकू ओलं करायचं, करंगळी दाबायची, वर नेलपॉलिशचा हात, आणि एक दुपार उन्हात. ऊन त्याला जुनं करून देईल. त्याच उन्हाने.

आखाजीच्या आदल्या दुपारी तो खाली आला आणि देवघरातला कुंकवाचा करंडा उचलला. रत्ना पुरण वाटत होती.

"कुंकू कशाला?"

"थोडं हवंय."

"आणि माझी नेलपॉलिश पण उचलली तुम्ही सकाळी. चाललंय काय?"

आधी त्याने काहीतरी थाप मारली. रत्नाने वाटण थांबवलं आणि नुसती बघत राहिली. बावीस वर्षांच्या संसारात त्या नजरेपुढे तो टिकला नव्हता. त्याने सगळं सांगितलं, करंगळीसकट.

रत्नाने हात धुतले. त्याच्या हातातून करंडा काढून घेतला.

"ती बाई उद्या त्याच्यापुढे डोकं टेकवणार," ती म्हणाली. "तुमच्या करंगळीपुढे. कळतंय का तुम्हाला?"

"तिला बरं वाटेल गं. तिला काय कळणार..."

"तेच तर. तिला कळणार नाही म्हणून करताय. ज्याने लाइन चालू केली तो पण असंच म्हणाला असेल, कोणाला काय कळणार." तिने करंडा देवघरात ठेवला आणि मध्ये उभी राहिली. "माझ्या घरातलं कुंकू यासाठी मिळणार नाही. बाहेरून आणाल तर आणा. मग घरी जेवायला मात्र येऊ नका."

तो आणायला गेला नाही. धाडस नव्हतं म्हणून की लाज वाटली म्हणून, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

आखाजीला घरची घागर रत्नावर सोपवून त्याने सकाळची धुळ्याची बस धरली. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला डबा. बसमध्ये माहेरी निघालेल्या पोरी, त्यांच्या हातात आंब्यांच्या पेट्या. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. कसं बोलायचं त्याची त्याने सारखी जुळवाजुळव केली. 'चूक झाली' म्हणावं, की 'गैरसमज झाला' म्हणावं? बोरी नदी ओलांडताना त्याच्या लक्षात आलं की आपण अजूनही डागच पुसतोय.

कोकिळाबाईचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत शिलाई मशीन भिंतीला सरकवलेलं, आणि त्याच्या जागी पाटावर घागर. तांबडी, नवी, पाण्याने भिजून गडद झालेली. वर खरबूज, दोन आंबे, सांजोऱ्या. समोर अतिकने आपल्या घरून आणलेला टीव्ही मांडला होता. भाऊबंदांपैकी कोणी आलं नव्हतं. आखाजीला गेलेल्याच्या नावाने एकाला पाटावर बसवून जेवू घालायची रीत. कोकिळाबाईने त्या पाटावर अतिकला बसवायचं ठरवलं, ते त्यांना खपलं नव्हतं. भूषणच्या तेराव्याला जेवून गेलेली ही माणसं, खांबावरून त्याला खाली उतरवायला यातलं कोणी नव्हतं. अतिक होता.

प्रेमराजने टॉवेल सोडला. पांढरा डबा पाटाशेजारी ठेवला.

कोकिळाबाई जवळ आली, वाकली, आणि मागे सरली.

"हाऊ कोना शे?"

"तुमचाच आहे, अक्का."

"मना नही. हाऊ ते दुकानमातला शे."

तिने डबा उचलला. खाचेशेजारी तिचं बोट आपोआप गेलं. आंधळ्या माणसाचं जातं तसं. तिथे बोट फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. गुळगुळीत.

"कोठे गया?"

बसमध्ये जुळवलेलं एकही वाक्य त्याच्या कामी आलं नाही.

"मी पुसला," प्रेमराज म्हणाला. "मला डाग वाटला. तुम्ही हात लावू नका म्हणाल्या होतात, तरी मी पुसला. फोटो चांगला यावा म्हणून."

चुलीवर तवा तापून धूर निघत होता. अतिक उठून तो खाली उतरवून आला. कोकिळाबाई रडली नाही, ओरडलीही नाही. ती ओरडली असती तर प्रेमराजला फार बरं वाटलं असतं. तिने पदराने डब्यावरची नसलेली धूळ पुसली आणि म्हणाली, "डाग नही व्हता तो." मग पुन्हा, भिंतीकडे बघून, "मना पोरना हात कोनी माले दखाडाच नहीत."

प्रेमराज उठला. "मी निघतो, अक्का."

"बसा," ती म्हणाली. "आखाजीले कोनी उपाशी जात नही. जेवन करीसन जा. माफ करं म्हनीसन नही. आखाजी शे म्हनीसन."

मग ती घागरीच्या कामाला लागली. मडक्याला हळदीकुंकू लावलं. कुंकवाचं बोट तिने क्षणभर डब्याच्या झाकणावर धरलं, आणि न टेकवताच मागे घेतलं. निखाऱ्यांवर तूप आणि पोळीचा घास टाकला. आगारी पेटली म्हणजे घास पोचला. ती पेटली. धूर वर पत्र्याला लागला.

"लाव आते," ती अतिकला म्हणाली.

अतिकने वायरी जोडल्या, कॅसेटवर फुंकर मारली, खोचली. पडद्यावर गाणं वाजलं. तीस वर्षांपूर्वी या खोलीत दिवसभर वाजायचं तेच. कोकिळाबाईने पहिला रिमोट, चिकटपट्टीचा, उचलून घागरीला टेकवून ठेवला. तो भूषणचा. दुसरा अतिकचा, कायमचा ठरलेला. अतिकने सवयीने हात पुढे केला.

"तू नको. तू पाटवर बस, जेव," ती म्हणाली. "ह्या भाऊले दे."

प्रेमराजने दुसरा रिमोट हातात घेतला. पडद्यावर जंगल, आणि दोन माणसं. निळा पहिल्या रिमोटचा, लाल दुसऱ्याचा. लाल माणूस त्याने पळवला. धावला, उडी मारली, आणि पडद्याच्या कडेला जाऊन अडकला. पुढे जाईना.

"काय व्हयनं?"

"पुढे सरकत नाही," प्रेमराज म्हणाला. त्याने एवढे डबे उघडले होते, पण हे त्याला माहीत नव्हतं.

अतिक पाटावरून म्हणाला, "दोघांनी मिळून जायचं असतं, भाऊ. पहिला हलला नाही तर पडदा पुढे जात नाही."

तेवढ्यात मागून शत्रू आला आणि उभ्या निळ्या माणसाला लागला. निळा उलटा होऊन पडला. पुन्हा वरून उतरला, पुन्हा तिथेच उभा राहिला. घागरीला टेकलेला रिमोट जागचा हलत नव्हता.

"किती वेळ मरता येस त्याले?" कोकिळाबाईने विचारलं.

"तीन," अतिक म्हणाला. त्याचा घास हातातच होता.

लाल माणूस मागे वळवेपर्यंत दुसरा जीव गेला. प्रेमराजला बटणं सापडत नव्हती. खेळायची सवयच नव्हती त्याला; त्याने आयुष्यभर फक्त चालतंय का ते बघितलं होतं. निळा तिसऱ्यांदा उतरला. शेवटचा.

कोकिळाबाई प्रेमराजच्या मागे येऊन उभी राहिली. आतापर्यंत ती त्याला भाऊ म्हणत होती, तुम्ही म्हणत होती.

"त्याना जोडे जाय," ती म्हणाली. "उभा ऱ्हाय तठे. अतिकनं जेवन व्हस तवलोंग त्याले मरू देऊ नको."

त्याने लाल माणूस निळ्याजवळ नेला. उजवीकडून एक शत्रू आला, त्याला मारला. वळला. डावीकडून आला, मारला. ते संपत नव्हते. हा खेळ पुढे जाण्यासाठी बनवलेला होता, एका जागी उभं राहणाऱ्यासाठी त्यात दया नव्हती. रिमोटचं बटण जुनं, कडक. त्यातलं रबर त्याने स्वतःच बसवलेलं. थोड्या वेळाने त्याच्या अंगठ्याची कातडी तापली, मग सोलली. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला तरी पुसायला हात सोडता येईना.

अतिक जेवत होता. घास चावायचा, पडद्याकडे बघायचा, पाणी प्यायचा. ताटातला रस संपत आला. कोकिळाबाई आत गेली, पातेलं घेऊन आली आणि न विचारता त्याची वाटी पुन्हा काठोकाठ भरली.

"मावशी, बस झालं," अतिक हळूच म्हणाला.

"भूषण दोन वाट्या पेये," ती म्हणाली.

अतिकने मान खाली घातली आणि पोळी मोडली. पडद्यावर निळा माणूस अजून उभा होता. उजवीकडून दोन येत होते, मागून एक. प्रेमराजने सोललेला अंगठा बटणावर दाबला.